गॅरेजमधल्या पंख्यांबद्दल, दोन तारे देणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

तुम्ही दुकानाला दोन तारे देऊन जे लिहिलंत ते आधी मुलाने वाचून दाखवलं, मग मी स्वतः दोनदा वाचलं. तक्रार थोडक्यात अशी: घराच्या गॅरेजमध्ये आमच्याकडून दोन महागाचे पंखे बसवून घेतले, तरी दुपारी तिथे भट्टीच असते, पॉलिशचा वास तासन्‌तास जात नाही, भुसा उडून गाडीवर बसतो, शटरजवळचा पंखा डुलतो, आतला गुणगुणतो आणि मध्येच बंद पडतो, वर रॉडचे २५० रुपये वेगळे लावले. ‘दांडिया बाजारात इतकी वर्षं दुकान टाकून काय शिकलात?’ असंही विचारलंय. तुम्ही मराठीत रागावलात म्हणून मीही मराठीत लिहितोय, नाहीतर इथे बडोद्यात आमचं गल्ल्यावरचं सगळं बोलणं गुजरातीतच.

परवा दुपारी तीनला तुमच्याकडे येऊन गेलो, ते तुम्हाला माहीतच आहे. तिथे जे दिसलं तेच इथे लिहितो, कारण तुमची तक्रार चारचौघांनी वाचलीय.

आधी डुलणारा पंखा. ही चूक आमची, आणि साधीसुधी नाही. पत्र्याखालच्या लोखंडी अँगलला क्लॅम्प मारून तो टांगलाय. शिडीवर चढून वरचा कप खाली सरकवला, तर बोल्टला नट होता, पण स्प्लिट पिन नव्हती. ही पिन म्हणजे केसांच्या आकड्यासारखी दोन पायांची तार. बोल्टच्या भोकातून घालून पाय फाकवले की पंखा कितीही थरथरला तरी नट फिरून निसटत नाही. चिल्लर किमतीची वस्तू. तिच्याविना तुमचा नट एक आटा सैल झाला होता, आणि खाली तुम्ही रंधा मारत उभे राहता! पिन मी तिथेच बसवली. कारागिराला दुकानात जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण काम डोळ्यांनी न बघता बिल फाडलं ते मी, त्यामुळे दोष त्याच्या एकट्याच्या गळ्यात घालत नाही. शिवाय त्या पंख्याची पाती शटरच्या पेटीपासून जेमतेम वीतभर लांब आहेत. दीड फूट तरी हवीत, नाहीतर हवा पेटीवर आपटते आणि पंखा आणखी हलतो.

आता भट्टी. तुम्ही भिंतीवर टांगलेल्या थर्मामीटरवर आपण दोघांनी बघितलं: पंखे बंद असताना ४३, अर्धा तास फुल स्पीडवर चालवून ४३. पंखा बिघडलेला नाही, त्याचं कामच तेवढं. पंखा हवा थंड करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो, म्हणून गार वाटतं. हवाच अंगापेक्षा गरम असली की घाम वाळतो तेवढाच काय तो आराम, बाकी गरम वाराच अंगावर. आणि तुमच्या पश्चिमेच्या पत्र्याखाली तर वरून शेकत असतं. पंखा तो शेक थोडाच अडवणार? पत्र्याला वरून पांढरा कोट मारलात तर त्याचा फरक माझ्या कुठल्याही पंख्यापेक्षा जास्त पडेल. हे मी विकत नाही, तरी सांगतो.

वासाचं मला आधीच कळायला हवं होतं. तुम्ही दुकानात म्हणालात, ‘गॅरेजमध्ये हवा खेळती पाहिजे,’ आणि मी पंखे दाखवायला लागलो. गॅरेजमध्ये तुम्ही करता काय, हे विचारलंच नाही. सुतारकाम आणि पॉलिश म्हणाला असतात तर दोन पंखे विकले नसते. खोक्यावर हवेचा आकडा मिनिटाला २२० घनमीटरच्या आसपास छापलेला असतो. तुमचं गॅरेज १८ बाय ११, सरासरी उंची ११ फूट, म्हणजे साधारण ६० घनमीटर. वाचणाऱ्याला वाटतं, मिनिटात साडेतीन वेळा गॅरेज रिकामं होऊन भरेल. तसं नाही. ती तीच ती हवा, गोल गोल. परवा पंख्याखाली उदबत्ती धरली तेव्हा बघितलंत ना? धूर खाली फरशीवर आपटला, भिंतीकडे पळाला, भिंतीने वर चढला आणि फिरून पात्यांवर आला. बाहेर काही गेला नाही. थिनरचा वासही असाच फिरतो, आणि जाताना फरशीवरचा भुसा उचलून ओल्या पॉलिशवर नेऊन चिकटवतो.

रावपुऱ्यातल्या आमच्या जुन्या घरात पंखा होता की नाही ते आठवत नाही, पण पुढचं आणि मागचं दार समोरासमोर होतं. एका दारातून आलेली हवा दुसऱ्यातून निघून जायची. तुमच्या गॅरेजला दुसरं दारच नाही. त्या दाराचं काम करायला एक्झॉस्ट, म्हणजे हवा बाहेर फेकणारा पंखा लागतो. तासाला दहा-बारा वेळा हवा बदलायची म्हटलं तर ६००-७०० घनमीटर काढायला हवेत; १२ इंची एक्झॉस्टचा कंपनीचा आकडा हजाराच्या वर असतो, त्यातून जाळीचा अडथळा वजा केला तरी पुरतो. पण तो लावायचा कुठे, यातच सगळी गोम. शटरच्या वरच्या जाळीशेजारी लावला तर हवा जाळीतून येईल आणि तिथूनच जाईल, आतलं गॅरेज कोरडंच. तो मागच्या भिंतीत वर बसवायचा, वरची जाळी पुठ्ठ्याने बंद करायची आणि शटर खालून वीतभर उघडं ठेवायचं. म्हणजे हवा फरशीवरून सरपटत मागे जाईल. थिनरची वाफ हवेपेक्षा जड, ती खालीच बसते, म्हणून हवा खालून येणं महत्त्वाचं. स्प्रेने पॉलिश करायचं असेल तर मात्र अंगणातच करा. साध्या एक्झॉस्टच्या मोटरची किंवा बटणाची एक ठिणगी पुरे होते.

आणि एक गोष्ट तुम्ही सहज बोलून गेलात, ती माझ्या डोक्यातून जात नाही: बॅटरी उतरू नये म्हणून अर्धं शटर पाडून गाडी आत दहा मिनिटं चालू ठेवता. काका, हे आजपासून बंद. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळायच्या आत माणूस आडवा होतो. पंखा तो विषारी वायू खोलीभर नीट कालवून देतो, एवढंच. एक्झॉस्ट बसल्यावरही गाडी बाहेर काढूनच चालू करायची.

गुणगुणणाऱ्या पंख्यात मात्र मी तुमच्याशी वाद घालणार. हे बीएलडीसी पंखे, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेले, कमी वीज खाणारे, रिमोटवर चालतात. भिंतीवरच्या जुन्या रेग्युलेटरमधून वायर दिली की त्यांचं इलेक्ट्रॉनिक गोंधळतं. हे मी गल्ल्यावर सांगितलं होतं, तुम्ही ‘हो हो’ म्हणालात. लिहून दिलं नाही, तेवढं माझं चुकलं. परवा रेग्युलेटर काढून सरळ बटणावर जोडला, पाऊण तास आवाजही नाही. महाग म्हणाल तर हा पंखा २८-३० वॉट खातो, साधा ७५. दिवसाला आठ तास चालवलात तर महिन्याला एका पंख्यामागे दहा-अकरा युनिट वाचतात. २०२३च्या जानेवारीपासून सीलिंग पंख्यावर स्टारचं लेबल सक्तीचं आहे, खोक्यावर बघून घ्या.

रॉडचे २५० परत देत नाही. पत्रा उतरता, मधला अँगल १२ फुटांवर. कंपनीचा फूटभराचा रॉड लावला असता तर पंखा पत्र्याला चिकटून तिथलीच तापलेली हवा घुसळत बसला असता. पाती जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर यायला तो लांब रॉड लागतो, सात फुटांच्या खाली आणायची नाहीत. रॉड तुमच्याकडेच आहे, मोजून बघा.

तर आता असं: शटरजवळचा पंखा मी पूर्ण किमतीत परत घेतो. त्याच पैशांत १२ इंची एक्झॉस्ट, बाहेरची पडदी आणि मजुरी बसवतो. काही उरलं तर रोख परत. दुसरा पंखा तुमच्या कामाच्या टेबलाच्या थोडा बाजूला सरकवतो, म्हणजे वारा तुमच्या अंगावर येईल, लाकडावर नाही. एक्झॉस्टचं बटण गॅरेजच्या बाहेर, पडवीत. भिंतीला भोक पाडायला गवंडी आमचाच. मागे मोकळी जागा तुमचीच आहे ना, एवढं मात्र कळवा. शेजाऱ्याच्या खिडकीत थिनर सोडून पुढचं भांडण मला नको.

शनिवारी सकाळी नऊला येतो, या वेळी मी स्वतः. गाडी बाहेर काढून ठेवा आणि भुसा आदल्या रात्रीच झाडून घ्या, काकूंनी परवा मलाच झाडू दाखवला होता.