कॅटकॉन काढाच, विचार कसला करताय?

पिवळी चेक इंजिन लाइट लागलीये, चढावर गाडी दमतेय, आणि गॅरेजवाल्याने खाली वाकून कॅटकॉनवर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेतल्या धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या डब्यावर, टॉर्च मारत सांगितलंय ना, ‘साहेब, जाळी चोकअप झालीये, काढून सरळ पाइप टाकू, पिकअप बघा मग’? टाका की. स्कॅनर-बिनर लावत बसू नका, उगाच कळायचं की कॉइल गेलीये, एक प्लग स्पार्कच देत नाहीये, आणि न जळलेलं पेट्रोल जाळीत जाऊन पेटतंय म्हणून आतलं सिरॅमिक वितळलंय. म्हणजे दुखणं इंजिनात आणि ऑपरेशन सायलेन्सरचं. पण कॉइल बदलून आवाज थोडाच वाढतो!

लाइट परत लागेल ही भीती सोडा. जाळी काम करतेय का हे बघायला तिच्या मागे जो ऑक्सिजन सेन्सर असतो ना, त्याला भोक पाडलेला नट लावून जरा मागे ओढतात, झालं, सेन्सर गप्प. धूर तोच, फक्त चहाडी करणारं कोणी उरलं नाही.

तसं त्या डब्यात असतं तरी काय, थोडंसं प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम. गरम झाला की कार्बन मोनॉक्साइड, कच्चं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड 90 टक्क्यांच्या वर मारतो म्हणे. 1995 मध्ये मुंबई-दिल्लीसकट चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो लावला आणि त्याच्यासाठी बिनशिशाचं पेट्रोल आणलं, कारण शिशाने जाळी मरते. एवढे लाड! सिग्नलला मागे स्कूटरवर पोरगं घेऊन बसलेली बाई खोकली तर काच वर घ्या, एसी कशाला दिलाय.

कायदा? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की कंपनीने दिलेल्या गाडीत मनाने बदल करू नका, आणि प्रदूषणाला 190(2) खाली पहिल्याच वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर लायसन्स 3 महिने जाऊ शकतं. पीयूसीवाल्याने नळी नीट आत घातली तर आकडे बोलतातच. पण तुमचा नेहमीचा पीयूसीवाला गाडी न बघताच कागद देतो ना, मग झालं तर.

एक मात्र कराच, काढलेला डबा परत मागू नका. भंगार आहे हो ते! मारुती इको गाड्यांचे सायलेन्सर रात्री चोरीला जातात ते चोरांना भंगाराची आवड आहे म्हणून, आतल्या प्लॅटिनम-रोडियमच्या भुकटीसाठी थोडीच. त्या बिचाऱ्यांना अंधारात गाडीखाली झोपावं लागतं, तुमच्या गॅरेजवाल्याला तुम्ही दिवसाढवळ्या रॅम्पवर गाडी चढवून देता आणि वर मजुरी मोजता, चहाही सांगता.

पुढे गाडी विकायला काढली आणि गिऱ्हाइकाने खाली वाकून बघितलं, तर नवीन घेऊ नका, महाग पडतो. स्वस्तातला लोकल घ्या, त्यात त्या धातूंचं कोटिंग नावाला असतं. नाहीतर त्याच गॅरेजात विचारा, ‘ओरिजिनल, गाडीतून काढलेला, धुऊन ठेवलाय’ असा एखादा निघेल. ओळखीचा वाटला तरी दाखवू नका, भाव वाढवेल.