बाललायका, गुसली आणि ‘बनावट’ इतिहास : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: रशियन लोकसंगीत म्हणून जे मिरवलं जातं तो सोव्हिएत काळातला सरकारी देखावा आहे, बाललायका हे त्रिकोणी तंतुवाद्यसुद्धा १९व्या शतकात नव्याने घडवलेलं आहे, तेव्हा आजचे कलाकार इतिहासातून प्रेरणा घेतात ही निव्वळ जाहिरात.

बाललायकेची माहिती बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही. बाललायकावादक वासिली आंद्रेयेव यांनी १८८०च्या दशकात पीटर्सबर्गच्या कारागिरांकडून ती नव्याने बांधून घेतली. खेड्यातल्या बाललायकेला तातीचे मोजके, सरकवता येणारे पडदे असत. आंद्रेयेवांनी ते पक्के बसवले, सप्तकातले बाराही स्वर वाजतील असे केले आणि लहानमोठ्या आकारांचा संच उभा केला. पण ही वेळ का आली? १६४८ साली झार अलेक्सेईच्या फर्मानांनी गावोगाव फिरणाऱ्या स्कोमोरोख कलावंतांवर बंदी आली आणि त्यांची वाद्यं फोडून जाळायचे हुकूम सुटले. दोम्रा हे जुनं तंतुवाद्य; ती तर इतकी विस्मरणात गेली की आंद्रेयेवांना १८९६मध्ये ती व्यात्का प्रांतात सापडलेल्या एका जुन्या वाद्यावरून अंदाजाने उभी करावी लागली. आजचे जाणते कलाकार या तुटलेल्या जागीच काम करतात.

गुसलीचंच बघा, म्हणजे मोकळ्या तारा छेडून वाजवायचं जुनं रशियन तंतुवाद्य. नोव्हगोरोद या जुन्या रशियन शहराच्या ओल्या मातीत लाकूड टिकतं, म्हणून तिथल्या उत्खननात ११व्या शतकातली गुसलीही मिळाली. व्लादिमिर पोवेत्किन यांनी असे अवशेष जुळवून वाजती वाद्यं तयार केली. यातल्या एका प्रकारात वरच्या बाजूला हात जाईल एवढी खिडकी असते. आजचे वादक डावा हात मागून त्या खिडकीत घालतात, नको असलेल्या तारांना बोटं टेकवतात आणि उजव्या हाताने सगळ्या तारा एकदम छेडतात. मोकळ्या राहिलेल्या तारांचा स्वरमेळ वाजतो; बोटं सरकवली की पुढचा. नवशिक्याचं गणित इथेच बिघडतं. बोट दाबलं की तार चढते, नुसतं टेकवायचं असतं. आणि बोटं उशिरा हलली तर धातूच्या तारांची आस (छेडल्यावर घुमत राहणारा नाद) लांब असल्यामुळे दोन स्वरमेळांचा चिखल होतो.

दुसरी चूक सुरात लावण्याची. मोबाइलवरच्या ट्यूनरने गुसली लावली की गंधार शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढा येतो. हार्मोनियमच्या गंधाराबद्दलची आपल्याकडची तक्रार हीच. गाताना ते खपून जातं, पण मोकळ्या तारा एकत्र घुमतात तेव्हा कानाला स्पष्ट टोचतं. म्हणून षड्ज लावून घ्यावा, पंचम कानाने जुळवावा आणि मग षड्ज आणि गंधार एकत्र वाजवताना ऐकू येणारी आवाजाची थरथर थांबेपर्यंत गंधार उतरवत न्यावा.

सरकारी देखाव्याबद्दल. मित्रोफान प्यात्नित्स्की यांनी १९११मध्ये मॉस्कोच्या रंगमंचावर आणले ते खरेखुरे शेतकरी गायक होते. त्याच वृंदाला पुढे वाद्यवृंद आणि नृत्यपथक जोडलं गेलं आणि तुम्ही म्हणता तसा थाट आला. मात्र त्या थाटाला उत्तरही रशियातूनच मिळालं. दिमित्री पोक्रोव्स्की यांनी १९७३मध्ये मॉस्कोत उभ्या केलेल्या गटाने खेड्यांत जाऊन गाणी शिकली, आणि ती गायची रीतही उचलली. छातीतून काढलेला मोकळा, कडक आवाज आणि प्रत्येकाची वेगळी वाट. लोकगीतं गोळा करणाऱ्या येवगेनिया लिन्योवा यांनी १८९०च्या दशकातच फोनोग्राफवर ध्वनिमुद्रणं करून दाखवलं होतं की अशा समूहगायनात प्रत्येक गायक तीच चाल आपल्या परीने फिरवतो. नुसत्या कानाने ऐकून नोटेशन लिहिणाऱ्यांच्या हाती बहुधा एकच आवाज लागायचा, आणि बाकीचे आवाज ते स्वतः रचून घालायचे.

तेव्हा एखादा नवा गट ऐकताना वेशभूषेकडे, गाण्यातल्या झारांच्या नावांकडे पाहू नका. पहिलं आणि तिसरं कडवं लागोपाठ ऐका आणि फक्त खालच्या आवाजावर कान ठेवा. तो दोन्ही वेळा स्वरन्‌स्वर तसाच असेल, मुख्य चालीखाली ठरलेल्या अंतराने सरकत असेल, तर ते गाणं कागदावरून बसवलेलं आहे आणि तिथे तुमचा आक्षेप मला मान्य आहे. तो आवाज दर कडव्याला थोडा वेगळा फिरत असेल, मध्येच मुख्य चालीला येऊन मिळत असेल आणि कडव्याच्या शेवटी सगळे एका स्वरावर येत असतील, तर त्या गायकांनी जुनी ध्वनिमुद्रणं किंवा गावातले गायक नीट ऐकलेले आहेत.