रंधा मशीनच्या पात्यांविषयी फिरणाऱ्या सूचनेला उत्तर

सुतारकामाच्या कारखान्यांमध्ये सध्या एक सूचना एका मोबाइलवरून दुसऱ्या मोबाइलवर फिरते आहे. तिचा आशय असा: ‘रंधा मशीनवर लाकडाच्या रेषा उचकटत असतील, तर पाती अधिक उतरती घासून धार पातळ करा. घासताना पाते निळे पडले तर लगेच पाण्यात बुडवा, पाणी (पोलादाचा कडकपणा) परत चढते. पाती मागच्या टेबलापेक्षा थोडी वर ठेवा, काम झपाट्याने होते. लाकडी पट्टीने पाती जुळवण्याची जुनी अंदाजपंचे पद्धत सोडून द्या.’ चारही सल्ले कानाला पटण्यासारखे आहेत, आणि म्हणूनच त्यांना उत्तर देणे आवश्यक वाटते.

पहिला सल्ला सर्वांत जास्त पसरला आहे आणि तोच सर्वांत चुकीचा आहे. मशीनच्या कटर ब्लॉकमध्ये, म्हणजे पाती बसवलेल्या फिरत्या दंडगोलात, पात्याची सपाट बाजू पुढे आणि घासलेला उतार मागे असतो. लाकडाला भिडते ती सपाट बाजू, आणि ती कोणत्या कोनात भिडणार हे ब्लॉकमधील खाचेने आधीच ठरवलेले असते. उतार ३५ अंशांचा केला काय किंवा ४५ अंशांचा केला काय, कापण्याचा कोन तसूभरही बदलत नाही. बदलते ती केवळ धारेमागची मोकळी जागा आणि धारेला मिळणारा आधार. नेहमीच्या हातरंध्यातही हेच घडते. तेथे पाते ४५ अंशांवर उतार खाली करून बसवलेले असते, त्यामुळे धार २५ अंशांवर लावली तरी लाकूड ४५ अंशांवरच कापले जाते. उलट, उतार पातळ केल्याने धार नाजूक होते. सागवानात सिलिकाचा, म्हणजे वाळूच्याच द्रव्याचा, अंश असतो. अशा लाकडावर पातळ धार लवकर बोथट होते किंवा तिचे टवके उडतात, आणि मग ज्या दोषावर उपाय म्हणून ती पातळ केली तोच दोष वाढतो.

रेषा उचकटतात त्या बहुधा लाकूड उलट्या रेषेने घातल्यामुळे, एका फेरीत जास्त जाडी काढल्यामुळे किंवा लाकूड घाईने पुढे ढकलल्यामुळे. शिसवीसारख्या गुंतलेल्या रेषांच्या लाकडात तर सरळ बाजू कोणती हेच ठरवता येत नाही. तेथे जाणकार कारागीर सूचनेच्या अगदी विरुद्ध करतात: पात्याच्या सपाट बाजूला, धारेलगत जेमतेम एक मिलिमीटर रुंदीचा बारीक उतार देतात. त्यामुळे पाते लाकडाला अधिक उभे भिडते आणि रेषा उपसण्याऐवजी तोडते. मोटरवर ताण येतो आणि फेऱ्या हलक्या घ्याव्या लागतात, पण पृष्ठभाग साफ येतो.

पाण्याचा मुद्दा थोडक्यात आटोपता येईल. साध्या कार्बन पोलादाचे पाते निळे पडते तेव्हा ते सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असते आणि त्या जागचे पाणी उतरलेले असते. त्यानंतर पाण्यात बुडवल्याने ते फक्त थंड होते. पाणी पुन्हा द्यायचे तर पोलाद लाल होईपर्यंत, म्हणजे साधारण ८०० अंशांपर्यंत तापवून मगच बुडवावे लागते, आणि ते काम ग्राइंडरवर होत नाही. निळा भाग पूर्ण घासून काढणे हाच उपाय. बुडवायचे ते निळे पडण्याआधी, हाताला चटका जाणवू लागला की. मशीनची पाती बहुधा हायस्पीड स्टीलची असतात. ती याहून बरीच जास्त उष्णता सोसतात, परंतु तापलेल्या अवस्थेत एकदम पाण्यात टाकल्यास त्यांच्या धारेला सूक्ष्म तडे जाण्याचा धोका असतो.

पाती मागच्या टेबलापेक्षा, म्हणजे लाकूड बाहेर पडते त्या बाजूच्या टेबलापेक्षा, बरीच वर ठेवली तर फळीचे शेवटचे टोक पुढच्या टेबलाचा आधार सुटताच खाली बसते आणि तेथे खड्डा पडतो. पाती खाली राहिली तर फळी टेबलाच्या कडेला अडते. कामाचा वेग यातून वाढत नाही. वाढते ती वाया जाणारी लांबी.

आता राहिली लाकडी पट्टी. तिला अंदाजपंचे म्हणणाऱ्याने ती कधी नीट वापरलेली दिसत नाही. सरळ रंधलेली पट्टी मागच्या टेबलावर ठेवून तिचे टोक ब्लॉकवर येऊ द्यावे आणि प्लग काढलेल्या मशीनचा ब्लॉक हाताने सावकाश फिरवावा. पाते पट्टीला काही अंतर ओढून नेते. कापण्याचा व्यास ६० मिलिमीटर असेल आणि पाते टेबलापेक्षा ०.०५ मिलिमीटर वर असेल, तर पट्टी सुमारे साडेतीन मिलिमीटर सरकते, पाते ०.१० वर असेल तर जवळजवळ पाच. डोळ्याला न दिसणारा फरक येथे पेन्सिलीच्या दोन खुणांमध्ये मोजता येतो. प्रत्येक पात्याच्या दोन्ही टोकांना ही परीक्षा सारखी आली पाहिजे. डायल गेज, म्हणजे काट्याने सूक्ष्म अंतर दाखवणारे मापक, असेल तर उत्तमच, पण तो नाही म्हणून काम अडत नाही. थिकनेस मशीनला, म्हणजे फळी एकसारख्या जाडीची करणाऱ्या मशीनला, मात्र मागचे टेबल नसते. तेथे पात्याची उंची ब्लॉकच्या अंगावरूनच मोजावी लागते.

ही अचूकता कशासाठी, हे हिशेबाने स्पष्ट होते. दोन पात्यांचा ब्लॉक मिनिटाला ५००० फेरे घेत असेल आणि लाकूड मिनिटाला ८ मीटर सरकत असेल, तर दर ०.८ मिलिमीटरला एक काप पडतो. एक पाते दुसऱ्याहून केवळ एक-दोन शतांश मिलिमीटर खाली राहिले, तरी शेवटचा पृष्ठभाग उंच पातेच ठरवते. कापांतील अंतर दुप्पट आणि लाटेची खोली चौपट होते. पॉलिश चढल्यावर तिरप्या उजेडात फळीवर लाटा दिसतात त्या यामुळे, आणि दोष मात्र धारेला दिला जातो.

फक्त खिळा लागून दोन्ही पात्यांना एकाच जागी खाच पडली असेल, तेव्हा धार लावण्याची घाई नको. एक पाते किंचित बाजूला सरकवून, उंची पुन्हा जुळवून, बोल्ट टप्प्याटप्प्याने आवळावेत. फळीवर उमटणारी उभी रेघ नाहीशी होते आणि धारेचे काम पुढच्या आठवड्यावर ढकलता येते.