सूर्यमाला रिक्षात मावत नाही

सूर्यमाला कुठे संपते यावर शास्त्रज्ञांची मतं काहीही असोत, शाळेच्या प्रोजेक्टपुरती ती रिक्षाच्या दारापाशी संपते. म्हणून पुठ्ठा दोन फूट बाय दीड फुटापेक्षा मोठा घेऊ नये. विश्वाचा आकार एकदा असा ठरला, की मग खोटं बोलायला सुरुवात करता येते.

खोटं बोलावंच लागतं. दुकानात थर्माकोलचा सगळ्यात छोटा गोळा साधारण एक इंचाचा मिळतो. तो पृथ्वी म्हणून घेतलात, तर सूर्य नऊ फुटांचा लागेल, कारण सूर्याचा व्यास पृथ्वीच्या 109 पट आहे. नऊ फुटांचा सूर्य हॉलमध्ये कसाबसा उभा राहील, पण पंखा काढावा लागेल. उलट सूर्य सहा इंचांचा घेतला, तर पृथ्वी जेमतेम दीड मिलिमीटरची होते. इथे स्टेशनरीचं दुकान संपतं आणि मिसळणाचा डबा सुरू होतो. पृथ्वी आणि शुक्र म्हणजे मोहरीचे दोन दाणे. मंगळ खसखशीचा. बुधाला बारीक रव्याचा एक कण पुरे, फक्त कोणी शिंकायचं नाही. युरेनस आणि नेपच्यून हे टपोरे मिरे, शनी भिजवलेला काबुली चणा आणि गुरू ही खेळायची गोटी. ग्रहांचा राजा म्हणून मिरवणाऱ्या गुरूची ही अवस्था!

आणि हे झाले नुसते आकार. याच मापात मोहरीची पृथ्वी सूर्यापासून सोळा मीटरवर ठेवावी लागते, म्हणजे सूर्य टीव्हीवर असेल तर पृथ्वी शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात. गोटी 85 मीटरवर. नेपच्यूनचा मिरा जवळपास अर्ध्या किलोमीटरवर, बहुधा वाण्याच्या दुकानात, जिथून तो आणला तिथेच. मला विचाराल तर शाळेने मुलांना मैदानावर नेऊन हेच करायला लावावं. पण मोहरीला मार्क देता येत नाहीत, थर्माकोलला येतात. तेव्हा आकारही खोटे, अंतरंही खोटी. कोपऱ्यात ‘प्रतिकृती मापानुसार नाही’ अशी चिठ्ठी लावावी आणि निर्लज्जपणे पुढे जावं.

पुढे रसायनशास्त्र येतं. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरिन, आणि त्याला थिनरचं वावडं आहे. ऑइलपेंट किंवा स्प्रेपेंट मारला की गोळा फसफसून आत जातो आणि त्यावर खड्डे पडतात. बुधासाठी ही पद्धत उत्तम. बाकी सात ग्रहांना पोस्टर कलर. तोही नुसता लावला तर थेंब होऊन घरंगळतो, म्हणून रंगात थोडं फेव्हिकॉल कालवायचं, पहिला हात पातळ द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग दुसरा. चपला चिकटवायचा पिवळा गोंदही थर्माकोल खातो. पांढरं फेव्हिकॉलच वापरावं; मात्र ते पाणी उडून गेल्यावरच धरतं, आणि थर्माकोल पाणी पीत नाही. त्यामुळे दोन गोळ्यांमध्ये सापडलेलं फेव्हिकॉल रात्रभर ओलं राहतं. ‘आई, उद्या प्रोजेक्ट द्यायचाय’ हे वाक्य रात्री साडेनऊला ऐकू आलं, तर टूथपिक खुपसाव्यात आणि देवावर सोडावं.

सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 साली बंदी आली, तेव्हापासून काही शाळा कागदाचा लगदा मागतात. रद्दी फाडून रात्रभर भिजवायची, पिळायची, मैद्याच्या खळीत मळायची आणि गोळे वळायचे. भरीव गोळा आतपर्यंत वाळायला चार-पाच दिवस कडक ऊन लागतं. पावसाळ्यात त्यावर हिरवट बुरशी धरते आणि जीवसृष्टी असलेला दुसरा ग्रह सापडतो.

शनी हा या घराण्यातला जावई. त्याचं सगळं वेगळं. कड्यासाठी जुनी सीडी घ्यावी. ती बारा सेंटीमीटरची असते, आणि शनीच्या मुख्य कड्यांचा व्यास ग्रहाच्या सव्वादोन पटींहून थोडा जास्त आहे; म्हणजे दोन इंचांचा गोळा घेतला, तर पुठ्ठ्यावर ही एकच गोष्ट मापात येते. गोळा कापायच्या आधी कटरच्या पात्यावर मेणबत्ती चोळावी, नाहीतर त्याचे कण उडतात, स्वेटरला चिकटतात आणि दिवाळीपर्यंत घरात सापडतात. दोन अर्धे सीडीच्या दोन बाजूंना. सीडी गुळगुळीत म्हणून मधला भाग पॉलिश पेपरने घासायचा, भोकातून दोन टूथपिक आरपार. मग कोनमापक लावून 27 अंश कलवायचा. कलवताना निसटला, तर तो युरेनसच्या जागी लावू नये. आडवा पडून फिरतो आणि त्यालाही कडी आहेत हे खरं, पण परीक्षकांनाही ते माहीत असतं.

दिवा लावायची हौस असेल तर एलईडी. थर्माकोल शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतो. जुना साठ वॉटचा बल्ब घातला तर वास आधी येतो आणि सूर्यास्त नंतर होतो. मोटर तर नकोच. खेळण्यातली मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते. प्रत्यक्षात नेपच्यूनला एका फेरीला 165 वर्षं लागतात. 1846 मध्ये सापडल्यापासूनची त्याची पहिली फेरी 2011 मध्ये पूर्ण झाली. मोटरवर तो एका सेकंदात कपाटामागे जातो.

हे सगळं चालू असताना आजी येऊन मोजते आणि आठच भरतात म्हणते. तिच्या नवग्रहांत सूर्य आहे, चंद्र आहे, राहू-केतू आहेत. पृथ्वी नाही, युरेनस-नेपच्यून नाहीत. तिचे नऊ वेगळे आहेत. त्यात बाबा ‘आमच्या वेळी प्लूटो होता’ म्हणून उसासा टाकतात. 2006 मध्ये प्राग इथे मतदान होऊन त्याचं पद गेलं, हे त्यांना अजून पटलेलं नाही. प्लूटोसाठी केलेला गोळा फेकू नका, चंद्राला चालेल.

आता मुलाची तयारी. सगळ्यात गरम ग्रह कोणता, हा प्रश्न हमखास येतो. उत्तर बुध नव्हे, शुक्र. बुध सूर्याला जवळ खरा, पण त्याला पांघरूण नाही. शुक्रावर कार्बन डायऑक्साइडची जाड गोधडी, म्हणून दिवसरात्र 460 अंशांच्या वर. शनीचे चंद्र किती हे विचारलं, तर 2025 मध्ये 274 झाले होते असं सालासकट सांगावं. पुस्तक छापून होईपर्यंत आकडा वाढलेला असतो.

निघताना पुठ्ठा मांडीवर आडवा धरावा, शनी आतल्या बाजूला. दप्तराच्या पुढच्या कप्प्यात फेव्हिकॉल, दहा टूथपिक आणि निळा रंगवलेला एक जादा गोळा. युरेनस आणि नेपच्यून आकाराने जवळपास सारखे असल्याने, स्पीडब्रेकरवर जो पडेल त्याच्या जागी तो लावता येतो.