आमचा टब भरला, विसर्ग सुरू

नाशिकमध्ये साठवलेलं पाणी कोणाचं खाजगी राहत नाही. पावसाळ्यात इथला माणूस पेपर उघडला की आधी गंगापूर धरण किती टक्के भरलं ते बघतो आणि मग स्वतःचं राशिभविष्य. शाळकरी पोरं क्युसेकमध्ये बोलतात. होळकर पुलावर पूर बघायला सहकुटुंब जायची पद्धत आहे. अशा गावात मागच्या परसात एक छोटंसं तळं करावं, त्यात कुमुदिनी लावावी, चार मासे सोडावेत आणि संध्याकाळी खुर्ची टाकून एकट्याने बघत बसावं, एवढीच माझी इच्छा होती. त्यातला 'एकट्याने' हा भाग पहिल्याच दिवशी गळून पडला.

तळ्यासाठी भांडं घरचंच होतं. रो-हाऊस घेतलं तेव्हा बाथरूममध्ये बिल्डरने हौसेने फायबरचा बाथटब बसवून दिला होता. त्या टबाने आमच्याकडे पुष्कळ नोकरी केली. पाणीपुरवठा बंद असेल त्या दिवशी तो टाकी झाला, दिवाळीआधी त्यात गोधड्या भिजल्या, एका उन्हाळ्यात आंब्यांची अढीही लागली. बाथरूमचं काम काढलं तेव्हा मिस्त्रीने तो उपटून मागच्या दारी आणून ठेवला. भंगारवाल्याने त्याच्यावर बोटाने टिचकी मारली, 'फायबरला भाव नाही' म्हणाला आणि वर नेण्याचे पैसे मागितले. तिथे माझा स्वाभिमान जागा झाला.

आईचा आक्षेप टबालाच होता. "तळं करायचं तर त्या डबड्यात कशाला? माळ्यावर तुझ्या पणजीचं तांब्याचं घंगाळ आहे." नाशिकच्या माणसाला तांब्यापितळेबद्दल बोलणं म्हणजे जोखमीचं काम. अख्खी तांबट लेन आपल्या मागे हातोडी घेऊन उभी आहे असं वाटतं. तरी मी सांगितलं, की तांब्याचा अंश पाण्यात उतरतो आणि तो माशांच्या कल्ल्यांना बाधतो, मासे मरतात.

"तुझ्या आजोबांनी जन्मभर तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायलं. त्यांना काय झालं?"

"आजोबांना कल्ले नव्हते, आई."

यावर तिने दोन दिवस अबोला धरला. बायकोची भूमिका मोजक्या शब्दांत होती: "शेवाळ मी काढणार नाही. आत्ताच सांगते."

तिसऱ्या बाजूने अण्णा आले. अण्णा आमच्या शेजारी राहतात आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत. हे वाक्य पूर्णपणे खरं नाही. खातं त्यांच्यातून अजून निवृत्त झालेलं नाही. सकाळच्या फेरफटक्यात त्यांना कुंपणापलीकडे टब दिसला आणि ते घरून टेप घेऊन परत आले. टबाभोवती एक चक्कर मारून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पाणलोट क्षेत्र काय धरलंय?"

मी गच्चीवरून येणाऱ्या पाइपाकडे बोट दाखवलं. त्यांनी नोंद केली.

"मृत साठा?"

म्हणजे तळाशी जे पाणी कधीच काढायचं नाही ते. मासे तिथेच राहणार असल्यामुळे माझा सगळाच साठा मृत होता, पण माशांच्या दृष्टीने हा शब्द बरा वाटेना, म्हणून गप्प बसलो.

"सांडवा कुठे आहे?"

टबाच्या वरच्या कडेखाली जास्तीचं पाणी वाहून जायला एक भोक असतं, ते दाखवलं. अण्णांचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा उजळला. मग त्यांनी लांबी, रुंदी, खोली मोजून, टबाच्या गोलाईची वजावट करून क्षमता काढली: २२० लिटर. "म्हणजे पावणेआठ घनफूट. गंगापूर धरण ५,६३० दशलक्ष घनफुटांचं आहे," असं ते म्हणाले, मला उगाच आशा लागू नये म्हणून. टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, मांडलं तर दशांश चिन्हानंतर आठ शून्यं येतात, हेही त्यांनी कागदावर करून दाखवलं. तो कागद त्यांनी आम्हाला सही करून दिला. फ्रिजवर लावला आहे.

खोदकामाला जो मजूर आला त्याने जागा बघून नाक मुरडलं. आमच्या भागात वीतभर काळी माती, खाली मुरूम आणि मुरमाखाली सह्याद्री. कुदळीने दुपारपर्यंत मुरूम निघाला, मग पहार खणकन वाजली आणि टब अर्धा जमिनीत, अर्धा बाहेर ठेवायचा निर्णय पहारीनेच घेतला. खड्ड्यात वाळूचा जाड थर टाकला, कारण रिकामा टब दोघांनी उचलता येतो, पण भरला की पाण्याचंच वजन २२० किलो. खाली पोकळी राहिली तर फायबर तिथे वाकतं आणि तडकतं. तळाच्या भोकाला बूच मारून वरून एम-सीलचा पुरणाएवढा गोळा थापला.

मिस्त्रीने डोळा बारीक करून 'लेव्हल एक नंबर' असा निर्वाळा दिला. अण्णांना डोळ्यावर विश्वास नाही. त्यांनी पारदर्शक नळी मागवली, तिच्यात पाणी भरलं, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि डावी बाजू दोन बोटं खाली असल्याचं जाहीर केलं. मिस्त्री म्हणाला, नळीत हवा आहे. अण्णा म्हणाले, हवा दुसरीकडे आहे. शेवटी मी नळ सोडला. पाण्याने कोणाचीच भीड ठेवली नाही. डावीकडे काठोकाठ आलं आणि उजवीकडे पांढरी कड उघडीच राहिली. टब पुन्हा रिकामा केला, वाळू सारखी केली आणि मिस्त्री जाताना चहा न घेता गेला.

नंतर पाणी भरून मी ते दोन दिवस तसंच ठेवलं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जावं म्हणून. आईचा अबोला इथे संपला. "माशांना शिळं पाणी घालणार? घरात आलेल्या जिवाला?" तिने रामकुंडावरून आणलेल्या गडूतलं तांब्याभर पाणी मला न विचारता टबात ओतलं आणि हात जोडले. त्या क्षणापासून टबाचा दर्जा बदलला, हे मला फार उशिरा कळलं.

महापालिकेच्या आरोग्य विभागाच्या ताई डेंग्यूच्या तपासणीला नेमक्या त्याच आठवड्यात आल्या. या ताईंचा हात कोणी धरू शकत नाही. फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवरचा फुटका डबा, सगळं टॉर्च मारून बघतात. आमच्याकडे त्यांना टॉर्चची गरज पडली नाही. परसात पाऊल टाकलं आणि त्या तिथेच थांबल्या.

"हे काय आहे?"

"तळं."

"हा टब आहे."

"टबाचं तळं केलंय."

"भाऊ, लोक टायरमध्ये पाणी साचवतात ते नकळत. तुम्ही मुद्दाम साचवलंय."

त्यांनी उभ्या उभ्या शिकवणीच घेतली. एडिसची मादी साठलेल्या स्वच्छ पाण्याच्या काठाला अंडी घालते, आठ-दहा दिवसांत त्यातून डास उडतो, म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी कोरडी करायची. तळं कोरडं करता येत नसेल तर त्यात गप्पी मासे हवेतच. मी म्हटलं, मासे आणणारच आहे, चांगले रंगीत आणणार आहे. "रंगीत नकोत. गप्पी. अळ्या खातात." पुढच्या फेरीला त्या स्वतःच पिशवीत मूठभर गप्पी घेऊन आल्या. इतका नेमका आहेर आम्हाला लग्नातही कोणी केला नव्हता.

गप्पीची मादी अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देते, साधारण महिन्या-महिन्याला, आणि एका खेपेला वीस-तीस सहज. नराची भेट एकदा झाली तरी पुढचे काही महिने तिचं भागतं. या माहितीवर बायको बराच वेळ काही बोलली नाही. दिवाळीपर्यंत आमच्याकडून कोणताही पाहुणा रिकाम्या हाताने गेला नाही. पूर्वी आम्ही कढीपत्ता द्यायचो. आता बरणी द्यायला लागलो. सिडकोतल्या मावसभावाने तर फोन करून आधी विचारलं, "येतो, पण मासे देणार नसाल तर."

पाणी मध्ये हिरवंगार झालं, तेव्हा गल्लीतल्या प्रत्येकाकडे एकेक औषध निघालं. तुरटी फिरवा, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाका, पोटॅशियम परमँगनेट टाका. हे सगळं टाकलं असतं तर पाणी काचेसारखं झालं असतं आणि त्यात मेलेले मासे स्वच्छ दिसले असते. ऊन, खत आणि उरलेलं खाणं मिळालं की शेवाळ येतंच. पाण्यावर निम्म्याहून जास्त पानांची सावली झाली की ओसरतं. मी फक्त माशांचं खाणं बंद केलं आणि कुमुदिनीच्या पानांची वाट बघत बसलो. तिची कुंडी काळ्या मातीने भरून वर खडी पसरली होती, म्हणजे माती पाण्यात मिसळत नाही. रोज पाच-सहा तास ऊन मिळाल्यावर तिने पानं लवकर पसरली. मधल्या काळात एका हितचिंतकाने गोदावरीतून पाणवेल उपटून आणली. 'फुकट आहे, झटपट वाढते' म्हणाला. तीच अडचण आहे. ती काढायला नदीत यंत्र उतरवावं लागतं आणि माझ्याकडे फक्त चहाची गाळणी होती.

टबाच्या भिंती गुळगुळीत असल्यामुळे पडलेल्या खारीला बाहेर येता येत नाही, म्हणून आत एका बाजूला दगडांची उतरंड रचली. आईने त्याला घाट म्हणायला सुरुवात केली. मग घाटावर पणती आली. मग निर्माल्य आलं, ते मी रोज गुपचूप गाळणीने काढायचो. गणपतीत समोरच्या काकू शाडूची मूर्ती घेऊन, मागे झांजा वाजवणारी नातवंडं, अशा थेट मागच्या दाराने आत आल्या. "तुमच्याकडे सोय झालीये असं आई म्हणाल्या." शाडू विरघळते, पण ती गप्पींच्या अंगावरच विरघळणार होती. बायकोने पदर खोचून घराचा मोठा पिंप बाहेर काढला आणि पुढच्या चार कुटुंबांचे बाप्पा त्यात गेले. टबाचं पावित्र्य मात्र त्यामुळे वाढलंच. जळगावच्या आत्याने आताच २०२७च्या सिंहस्थाची चौकशी केली आहे. रामकुंडावर फार गर्दी असते म्हणे. आणि आईने तिला सांगितलंय की आपल्याकडे घाट आहे, पाणी तिथलंच आहे, रांग नाही.

खरी कसोटी ऑगस्टच्या झडीत लागली. दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावरून नाशिककर गोदावरीचा पूर मोजतो. अण्णांनी त्या धर्तीवर आमच्या टबात प्लास्टिकचं कासव विटेवर उभं केलं होतं. सकाळी कासवाचे पाय, दुपारी पोट, आणि संध्याकाळी पाणी मानेला लागल्यावर अण्णांनी छत्रीखालून सतर्कतेचा इशारा दिला. सांडव्याला लावलेला पाइप धो धो वाहायला लागला. तो पाइप कुठे जातो हे तोवर कोणी पाहिलं नव्हतं. तो मागच्या भिंतीतून खालच्या रो-हाऊसच्या अंगणात जात होता.

तिथे सर राहतात. सर मूळचे पैठणचे, म्हणजे नाशिकच्या खाली गोदावरीवर जे जायकवाडी धरण वरून पाणी सुटायची वाट बघतं, तिथले. जायकवाडीच्या काठावर वाढलेला माणूस नाशिकला नोकरीला येतो तेव्हा मनात काय घेऊन येतो, हे इथल्यांनी समजून घ्यायला हवं. ते भिंतीशी आले, घोट्यापर्यंत पाण्यात उभे राहिले आणि भरल्या गळ्याने म्हणाले, "अहो, आजवर नाशिककरांनी आम्हाला न मागता पाणी सोडलेलं पाहिलं नव्हतं."

आम्ही माफी मागायच्या तयारीत होतो, त्यांनी पाइप बंद करू दिला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी द्राक्षबागेतल्या फवारणीचा एक जुना निळा ड्रम मिळवला, अर्धा कापला, घासघासून धुतला आणि पाइपाखाली बसवला. त्यावर ऑइल पेंटने 'नाथसागर' हे जायकवाडीच्या जलाशयाचं नाव लिहिलं. पुढे पाऊस थांबला, पाइप आटला आणि गोदावरीच्या पाणीवाटपाचं मेंढेगिरी समितीचं सूत्र आमच्या गल्लीत लागू झालं: १५ ऑक्टोबरला खालचं धरण ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्याने पाणी सोडायचं. सर त्या दिवशी सकाळी सातला पट्टी घेऊन ड्रमापाशी उभे होते.

"बासष्ट," ते भिंतीवरून म्हणाले.

अण्णा लवाद होते. त्यांनी बाष्पीभवनाचा वाटा वजा करायचा की नाही यावर बराच खल केला आणि निकाल सरांच्या बाजूने दिला. मी दोन बादल्या सांडव्यातून सोडल्या. पाण्याबरोबर सात-आठ गप्पीही भोकातून घसरत खाली गेले, त्यात पोट टम्म फुगलेल्या दोन माद्या होत्या. मी भिंतीवरून वाकून सांगितलं, की पाणी ठेवा, पण मासे तेवढे परत द्या.

सर ड्रमावर झाकण ओढत म्हणाले, "एकदा खाली आलेलं परत वर गेल्याचा दाखला आहे का कुठे? अण्णांना विचारा."

अण्णांनी तसा दाखला नसल्याचं लेखी दिलं. तोही कागद आता फ्रिजवर आहे.