खुलासा : ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ दिसलं म्हणजे सिमिली नव्हे

सिमिली म्हणजे इंग्रजीतला उपमा अलंकार. त्याबद्दल बारावीच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘लाइक किंवा ॲज दिसलं की डोळे झाकून सिमिली लिहा.’ हे चूक आहे. ‘शी लुक्स लाइक हर मदर’ यात मायलेकींचं साधं साम्य आहे, अलंकार नाही. ‘ॲज इट वॉज रेनिंग, वी स्टेड होम’ मध्ये तर तुलनाच नाही. ॲज तिथे कारण सांगतो. सिमिलीची कोशातली व्याख्या पाहा: दोन भिन्न जातींच्या गोष्टींची उघड तुलना. इंग्रज कवी वर्ड्सवर्थच्या १८०७ साली छापलेल्या ‘आय वाँडर्ड लोनली ॲज अ क्लाउड’ या ओळीत माणूस आणि ढग एकटेपणाच्या धाग्याने जोडलेत. उत्तरात तो धागा जरूर लिहा. मुलं असले मेसेज पाठ करून पेपरला बसतात, म्हणून कळकळीची विनंती: तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.