कोमा, कोमास, बिबा

दीड वर्ष झालं मला वालेन्सियात येऊन. कामापुरतं स्पॅनिश येतं, भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून हुज्जत घालण्यापर्यंत मजल गेलीय, आणि नेमकं आता संध्याकाळच्या क्लासात बाईंनी सबजंक्टिव्ह काढलं, म्हणजे इच्छा, शंका असलं काही सांगताना क्रियापदाचं जे वेगळं रूप होतं ते. वर म्हणाल्या, रेग्युलर क्रियापदं तर एकदम सोप्पी! मास्तर लोक सोप्पं म्हणाले की माझ्या पोटात गोळा येतो, दहावीपासूनचा आजार आहे.

नियम असा, की वर्तमानकाळातलं 'मी'चं रूप घ्यायचं, शेवटचा ओ उडवायचा आणि मूळ रूप 'आर'ने संपतं त्या 'आर'वाल्या क्रियापदांना ए लावायचा, 'एर'वाल्यांना आ. म्हणजे चक्क साटंलोटं, याची पोरगी त्याच्या घरी न् त्याची याच्या. 'ईर'वाले मधेच वऱ्हाडात घुसलेत, त्यांनाही आ. 'तू बोलतोस' म्हणजे आब्लास, पण तू बोलावंस अशी माझी इच्छा असेल तर आब्लेस. आपण कसं, बोलावं आणि बोलावंस एवढ्यात घर चालवतो, यांना जवळजवळ प्रत्येक माणसागणिक वेगळं शेपूट पाहिजे. बरं, मला वाटतं तो बोलतो, इथे साधं रूप, पण मला नाही वाटत तो बोलतो म्हटलं की लगेच सबजंक्टिव्ह. नुसत्या शंकेनेसुद्धा व्याकरण बदलतं, आमच्या सोसायटीच्या मीटिंगसारखं.

खालच्या मजल्यावरच्या आजी मला रोज रात्री जिन्यात 'के देस्कान्सेस' म्हणतात, नीट विश्रांती घे बाबा अशा अर्थी. जेवताना बघितलं तर 'के आप्रोबेचे', म्हणजे आपलं पंगतीतलं 'सावकाश होऊ द्या'. दीड वर्ष मी पण पोपटासारखं तेच म्हणत होतो आणि एकदम बरोबर म्हणत होतो! क्लास झाला त्या रात्री मात्र मी जिन्यात थांबलो, देस्कान्सार, आर, मग ओ उडव, मग काय लावायचं, असा पूर्ण हिशोब केला आणि छाती काढून म्हणालो, 'के देस्कान्सास!' आजी कचऱ्याची पिशवी हातात धरून थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, 'सेस, बाळा, सेस.'

मग ठरवलं पाठच करायचं. रविवारी पोह्यांना फोडणी देता देता मोठ्याने सुरू केलं, खाण्याचं क्रियापद, कोमेर: कोमा, कोमास, कोमा, कोमामोस... फोन स्पीकरवर होता, सांगलीहून आई, हे विसरलोच.

"अरे कोण गेलं कोमात?"

"कुणी नाही गं, अभ्यास चाललाय," म्हटलं आणि पुढचं घेतलं, जगण्याचं, बिबिर. यांच्यात व्ही लिहितात पण म्हणतात ब, त्यामुळे बिबा, बिबास, बिबा.

"बिब्बा कशाला लावलास? उतला का अंगावर? खोबरेल लाव आधी."

तिला म्हटलं, आई, बिब्बा माझ्या अभ्यासातच पडलाय. मग बसून सगळं समजावून सांगितलं, साटंलोट्यासकट. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते असू दे. तू वेळेवर जेवावंस आणि वेळेवर झोपावंस, एवढंच मला वाटतं."

लगेच वहीत लिहिलं. जेवावंस म्हणजे कोमास, जमलं. झोपावंस निघालं इर्रेग्युलर, तो धडा पुढच्या आठवड्यात आहे.